माहेरची नावं

"किती वर्षांपासून पिताय?" डॉक्टरने विचारलं, आणि तेही पडद्यावरून नजर न काढता.

मयूरीला आधी कळलंच नाही की प्रश्न आपल्याला आहे. तिने मागे वळून पाहिलं. मागे तिची वहिनी वृषाली उभी होती आणि वृषालीच्या मागे, दाराला टेकून, मयूरीची सासू. सासूच्या कपाळावर आठी पडली ती पडलीच.

"दारू म्हणताय तुम्ही?" वृषाली म्हणाली. "अहो, ह्या बाईनं उभ्या जन्मात बाटलीला हात लावलेला नाही."

"सगळे असंच सांगतात." डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. "लिव्हरमध्ये चरबी साठलीय आणि ते कडक होत चाललंय. चार पायऱ्या असतात, ह्या तिसरीवर आहेत. चौथीवरून माघारी येणं अवघड. दारू बंद, तेलकट बंद, आणि वजन उतरवायचं."

वजन उतरवायचं! मयूरीच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पोट तेवढं पुढे आलं होतं, बाकी पायांच्या काड्या झाल्या होत्या. डॉक्टरने मान वर करून एकदा तिच्याकडे नीट पाहिलं असतं, तरी हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नसतं. पण मान वर करायला वेळ कुणाला आहे? बाहेर अजून बावीस जण बसले होते.

विट्याच्या त्या दवाखान्यातून एसटी स्टँडपर्यंत सासू दहा पावलं पुढे चालत राहिली.

"वयनी," मयूरी म्हणाली, "आता सासूबाई हे घरी सांगणार. मी चोरून पिते म्हणून अख्ख्या भावकीत सांगणार."

"सांगू देत. तू आधी इथं बाकावर बस. बोट दे."

वृषाली साळुंखे ही तासगाव तालुक्यातल्या हिंगणवाडीची आशा सेविका. दोन हजार एकेचाळीस साली आशाताईच्या पिशवीत गोळ्यांच्या पाकिटांबरोबर एक थेंबमापी असायची, साबणाच्या वडीएवढी. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, दोन मिनिटांत आकडा. वृषालीला या यंत्राची घरातच सवय झाली होती. तिचा नवरा सुहास, म्हणजे मयूरीचा थोरला भाऊ, गेली चार वर्षं यकृताच्याच दुखण्याने आजारी होता. दर रविवारी ती त्याचा थेंब घेई.

मयूरीचा आकडा आला एक. यंत्र बिघडलं असेल म्हणून वृषालीने स्वतःचं बोट टोचलं. नऊ. पुन्हा मयूरीचं. पुन्हा एकच.

हा आकडा ॲडिपोनेक्टिन नावाच्या प्रोटीनचा. चरबी म्हणजे अंगावर चढलेलं ओझं, एवढंच आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, आणि ते अर्धंच खरं आहे. चरबी ही एक ग्रंथी आहे. ती रात्रंदिवस रक्तात प्रोटीन सोडते आणि त्यांच्या तोंडून शरीराशी बोलते. लेप्टिन मेंदूला सांगतं की पोट भरलं, आता थांब. ॲडिपोनेक्टिन यकृताला सांगतं की तुझ्याकडे आलेली चरबी साठवू नकोस, जाळ. आणि यकृताची सूजही ते आवरतं. पण सगळी चरबी सारखी नव्हे. मांड्यांची, नितंबांची, कातडीखालची चरबी सहसा शहाणी असते. ती जादा स्निग्ध पदार्थ स्वतःत गुपचूप ठेवून घेते आणि ॲडिपोनेक्टिन सोडत राहते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती वाढणारी चरबी मात्र भांडखोर. ती सूज वाढवणारी प्रोटीन सोडते, आणि तिथल्या रक्ताची मोठी वाट यकृतातूनच जात असल्याने पहिला मार यकृताला बसतो. म्हणून दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या, दिसायला किडकिडीत पण पोट सुटलेल्या माणसाचं यकृत चरबीने भरतं. सुहासचं तसंच झालं होतं.

पण मयूरीचं तसं नव्हतं. आता पायांच्या काड्या झाल्या असल्या, तरी ती लहानपणापासून कमरेखाली थोराड. सासरी नणंदा तिला चिडवत, दारातून आडवी आत ये म्हणत. या शास्त्राप्रमाणे तिच्या मांड्यांनी तिला सांभाळायला हवं होतं.

"मयू, साडी जरा वर घे."

"अहो वयनी, स्टँड आहे हे!"

"मी आडोशाला उभी राहते. घे म्हणते ना."

दोन्ही मांड्यांच्या मागच्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढे, एकेका बाजूला तीन-तीन व्रण होते. ते व्रण कुठून आले हे वृषालीला विचारायची गरज नव्हती. ते पडत असताना मयूरीचा हात तिनेच धरून ठेवला होता.

*

त्याला नाव होतं 'माहेरपण शिबिर'. नाव ठेवणाऱ्याच्या हुशारीला दाद द्यावी की त्याच्या मुस्कटात द्यावी, हे वृषालीला पुढे कित्येक दिवस ठरवता आलं नाही.

स्निग्धा बायोकेअर नावाच्या कंपनीने 'ढाल' काढली होती. पोस्टाच्या तिकिटाएवढी मऊ चकती. तिच्यात जिवंत चरबीपेशी, आणि भोवती असं बारीक जाळीचं वेष्टन की आतलं प्रोटीन बाहेर झिरपेल, पण शरीराच्या लढाऊ पेशी आत शिरून त्या परक्या पेशींना मारणार नाहीत. ही चकती दंडाच्या कातडीखाली बसवायची. वर्षभर ती ॲडिपोनेक्टिन सोडते, यकृतातली चरबी उतरते. सुहास तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर आला तो ढालीमुळेच. बेदाण्याच्या शीतगृहावर तो पुन्हा पूर्ण पाळी करू लागला होता. ढाल खोटी नव्हती, हेच तर दुखणं होतं.

फक्त त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवत राहिलं की काही पिढ्यांत आपलं काम विसरत. दर वर्षी ताज्या पेशी लागत, आणि सगळ्यांत कामसू पेशी निघत भरल्या अंगाच्या बायकांच्या मांड्यांमधून.

मग कंपनीने काय केलं? श्रावणात नागचतुर्थीपासून शिबिरं ठेवली. त्या दिवशी बायका भावाचा उपास धरतात. पंचमीसाठी लेकी माहेरी आलेल्या असतात. पोट रिकामं, सुई घ्यायला तयार. चार दिवस माहेरी आराम, त्यामुळे पट्टी बांधलेली सासरी कुणाला दिसायची नाही. आणि सगळं फुकट! शहरात लोक ज्यासाठी ताटकळतात ते मांड्या बारीक करणं गावच्या समाजमंदिरासमोर, कंपनीच्या गार गाडीत, अर्ध्या तासात. वर पुण्य. कुणाच्या तरी भावाचं यकृत वाचतं, असं गाडीवर रंगीत अक्षरांत लिहिलेलंच होतं. आणि गावातून चाळीस लेकी आल्या तर गावातल्या चार रुग्णांना ढाल मोफत.

वृषालीने एक्केचाळीस आणल्या. सुहासचं नाव चौघांत आलं.

अर्जही तिनेच भरले. आरोग्य क्रमांकाची चौकट रिकामी ठेवा, असं गाडीवरच्या मॅडमनी सांगितलं. "बायकांची गोष्ट आहे, गोपनीय राहू दे. तिकडं सासरी कळायला नको ना?" बायकांनाही ते पटलं. मग फक्त नाव आणि गाव. वृषालीने नावं कशी लिहिली? गावात लेकींना ज्या नावाने ओळखतात, त्या नावाने. मयूरी विलास साळुंखे, मुक्काम हिंगणवाडी. सासरी तिचं नाव ईश्वरी संग्राम मोहिते, हे वृषालीला काय ठाऊक नव्हतं? त्या लग्नात ताटातल्या तांदळावर ते नाव कोरलं जाताना ती शेजारीच उभी होती. पण माहेरी आलेली पोर माहेरच्याच नावाची. तिला सासरच्या नावाने हाक मारणारी बाई गावात वेडी ठरली असती.

एक्केचाळीस अर्ज. प्रत्येकावर बापाचं नाव, आणि अक्षर वृषालीचं.

*

"ताई, थोडं कठीण आहे, पण समजून घ्या," तासगावच्या सरकारी दवाखान्यातल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी वृषालीला सांगितलं. साऱ्या तालुक्यात नीट मान वर करून बोलणारं तेवढंच माणूस होतं. "नुसती चरबी काढली असती तर एवढं बिघडलं नसतं. ती पुन्हा भरते. पण ढालीसाठी ह्यांनी चरबीच्या आईपेशीही खरवडून नेल्या, ज्यांच्यापासून नवी चरबीपेशी तयार होते. तीन वर्षं, तीन वेळा. आता मांडीत साठवायला जागाच उरली नाही. खाल्लेलं कुठं तरी जाणार ना? जातं यकृतात. आणि यकृताला जाळ म्हणून सांगणारं प्रोटीनही गेलं."

"हे त्यांना माहीत नसेल का हो, मॅडम?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "शिकलेली माणसं आहेत ती," एवढंच त्या म्हणाल्या.

वृषालीने घरी येऊन कोरा कागद घेतला आणि आठवून एक्केचाळीस नावं लिहिली. प्रत्येक नावासमोर सासरचं नाव, सासरचं गाव. यादी बघायला लागली नाही. तिने यांतल्या धाकट्यांना पोलिओचे थेंब पाजले होते, थोरल्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्या हळदीला ती गाणी म्हणाली होती. कुठली कुठे दिली हे तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कंपनीच्या सगळ्या संगणकांना जे येत नव्हतं ते हे एवढंच.

मग तिने त्या त्या गावच्या आशाताईंना फोन लावले. आशांचं तसं असतं. ओळख नसली तरी एकमेकींचं काम अडत नाही. "तुमच्याकडं अमुक घरात आमची लेक आहे. तिचा थेंब घ्या आणि मला आकडा कळवा. का ते मग सांगते."

पंधरवड्यात तेहतीस आकडे आले. सव्वीस जणींचा आकडा तीनच्या खाली. एकोणीस जणींचं यकृत कडक होऊ लागलेलं. दोघींना मयूरीसारखंच दारूवरून विचारलेलं. एकीला त्यावरून नवऱ्याने माहेरी आणून सोडलेली.

आणि राहिलेल्यांतला एक आकडा कधीच येणार नव्हता. बलवडीच्या आशाताईने फोनवर आधी घसा साफ केला. "ताई, ती पोरगी मे महिन्यात गेली हो. तुमच्याकडची दीपाली. दाखल्यावर कारण मद्यपान लिहिलंय. घरच्यांनी तेराव्यालाही फार माणसं बोलावली नाहीत, लाजेनं."

दीपाली. चौथीत असताना जंताची गोळी पाटीखाली लपवणारी. आयुष्यात ताकापलीकडे काही न प्यालेली पोर दारुडी म्हणून जाळली गेली, आणि तिचा अर्ज आपल्या हाताने भरलेला! वृषालीने फोन ठेवला. तिला रडू येत नव्हतं. तिला कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, आणि धरायला समोर कुणी नव्हतं.

*

समोर आलं ते सांगलीत. कंपनीच्या कार्यालयातल्या डॉ. मानसी इनामदार म्हणजे गाडीवरच्या त्याच गोड मॅडम. त्यांनी वृषालीला खुर्ची दिली, पाणी दिलं, तिचा कागद नीट वाचला. मग आपला पडदा तिच्याकडे वळवला.

"वृषालीताई, तुमची कळकळ कळते मला. पण हे बघा. आपल्या अकरा हजार दात्री. सगळ्यांची नावं आम्ही शासनाच्या आरोग्य नोंदींशी ताडून पाहिली. तीन वर्षांत एकाही दात्रीला यकृताचा आजार झालेला नाही. एकीलाही नाही! हे मान्यवर पत्रिकेत छापून आलंय."

"कुठनं होणार, मॅडम? मयूरी विलास साळुंखे नावाची बाई दवाखान्यात जाईलच कशी? लग्नानंतर त्या नावाची बाई कुठल्या कागदावर उरलीय का? आजारी पडली ती ईश्वरी मोहिते. मेली ती दीपाली नव्हे, शिंद्यांची सून. तुमची दात्री ठणठणीतच राहणार, कारण तुमच्या दात्रीच्या नावाची बाईच जगात नाही!"

"नावं तर तुम्हीच लिहिलीत, ताई," मॅडम हसून म्हणाल्या.

हे खरं होतं आणि म्हणूनच ते इतकं नीच होतं. "मी लिहिली. क्रमांकाची चौकट रिकामी ठेवायला तुम्ही सांगितलंत. पंचमीला माहेरी गाठायचं तुम्ही ठरवलंत. आमच्यात बायकांची दोन नावं असतात हे तुम्हाला कळायला नको? तुमच्या घरी काय सगळे बिननावाचे आहेत?"

मॅडमचं हसू थोडं आत गेलं. "आवाज नको. एक सांगते, धमकी समजू नका. दोन लाख लोकांच्या दंडात ढाल आहे. उद्या तुमच्या ह्या कागदावरून गोंधळ झाला आणि शिबिरं बंद पडली, तर त्या दोन लाखांचं काय? तुमच्या मिस्टरांची ढाल ह्याच चतुर्थीला बदलायची आहे ना? जुनी चकती वर्षभरात विझते. नवी नाही मिळाली तर सहा महिन्यांत ते पुन्हा तिसऱ्या पायरीवर. मग चौथी. विचार करा."

वृषालीने जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात अर्ज दिला, त्याचं उत्तर आठ दिवसांत आलं. सरकारकडून इतकं झटपट उत्तर येतं ते नाही म्हणायचं असतं तेव्हाच. 'आपण सादर केलेल्या रुग्णांच्या नावांची दात्यांच्या नोंदींशी पडताळणी होत नसल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

*

ते पत्र तिने दुपारच्या जेवणाच्या वेळी वाचून दाखवलं. मयूरी आता माहेरीच होती. सासरच्यांनी 'बरी होईपर्यंत राहू दे' म्हणून पाठवली होती, आणि परत कधी न्यायचं याची तारीख कुणी बोलत नव्हतं.

आधी सुहासला वाढलं, मग पोरांना. या घरात पहिलं ताट सुहासचं, तो सात वर्षांचा होता तेव्हापासून.

"झालं ते झालं," वृषालीची सासू, म्हणजे सुहासची आणि मयूरीची आई, म्हणाली. तिला वृषाली आत्या म्हणे. "आता कागदं नाचवू नगंस. लेकीचं बघू आपण, औषधपाणी करू. तिला दुसरं घर हाय. ह्याला कोण हाय?"

"आत्या, तुमच्यापुढं बसलीय ती. ऐकतीय."

"ऐकू दे की! मी काय वाईट बोलले? बाईचा जीव चिवट असतो. ह्याच्या दंडातलं काढलं तर हा जगंल का? सांग तू मला. तू त्याची बायको ना?"

मयूरी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत राहिली. मान वर केली नाही. तिला यात नवं काही नव्हतं, हे पाहून वृषालीला जास्त संताप आला. आईने चार माणसांत सांगितलं की तुझ्यापेक्षा हा जगावा, आणि मुलीच्या हातातला घास थांबलासुद्धा नाही!

"तुम्ही तरी बोला," ती नवऱ्याला म्हणाली.

सुहास अबोल माणूस. शीतगृहात बारा तास यंत्रांच्या घरघरीत बसून त्याची बोलायची सवय गेली होती. त्याने उजव्या हाताने डावा दंड चाचपला. तिथे कातडीखाली चौकोनी कड लागायची.

"शीतगृह मोडलं," तो सावकाश म्हणाला, "तरी माल यायचा थांबत नाही. तो येतोच. मग लोक मिळंल तिथं टाकतात. पडवीत, घरात. आणि घर नासतं. मयूचं तसं झालंय ना?"

"तसंच झालंय."

"आणि तिचं मोडून माझं बांधलं."

"तुमच्यात तिच्याच पेशी आहेत असं नाही हो. सगळ्यांच्या एकत्र करतात. कुणाच्या तरी असतील."

"कुणाच्या तरी," सुहास म्हणाला. ताट अर्धं टाकून तो उठला आणि कामावर गेला. पुढे पंधरा दिवस या विषयावर त्याने तोंड उघडलं नाही. वृषालीला त्याचाही राग आला. विचार कसला करायचा त्यात? आणि मग स्वतःचाही राग आला, कारण दर रविवारी त्याचा थेंब घेताना तीच मनात म्हणे, अकरा राहू दे, अकराच राहू दे. तिला तो जगायला हवा होता. तिला दोघंही जगायला हवी होती, आणि कुणीतरी तिला एकालाच निवड म्हणून सांगत होतं. त्या सांगणाऱ्याला हा अधिकार दिला कुणी?

*

चतुर्थीच्या सकाळी नऊला गाडी समाजमंदिरासमोर येऊन उभी राहिली. गाडीला दोन दारं. मागच्या दाराने उपाशी लेकी चढायच्या, पुढच्या दाराने रुग्ण. एका दाराने घ्यायचं, दुसऱ्याने द्यायचं, मधे एक पांढरा पडदा.

अर्ज भरायला आशाताईचं टेबल मांडलं होतं, पण खुर्ची रिकामी होती. वृषाली समाजमंदिराच्या भिंतीशी स्टुलावर चढून चार मोठे कागद चिकटवत होती. ठळक अक्षरांत एक्केचाळीस नावं. आधी माहेरचं नाव, मग सासरचं, मग थेंबमापीचा आकडा, मग यकृताची पायरी. ज्या बायकांना विचारून होकार मिळाला त्यांचं सगळं लिहिलं होतं. नाही म्हणणाऱ्या सहा जणींच्या जागी नुसतं 'गावची लेक' असं होतं. दीपालीच्या आईने स्वतः येऊन सांगितलं होतं, माझ्या पोरीचं नाव सगळ्यात वर लिही.

मेंदी लावलेल्या, नव्या साड्यांतल्या बायका हसतखिदळत आल्या आणि भिंतीसमोर एकेक करून गप्प झाल्या.

"अगं, ही आपली शुभांगी? हिला तर सासरी म्हणत होते..."

"दीपाली ह्यानं गेली? आणि आम्हाला सांगितलं..."

"वृषालीवयनी, माझा पण थेंब घ्या. मी दोनदा दिलंय."

"माझा पण."

रिकाम्या टेबलापाशी आता रांग लागली, पण ती थेंबमापीची. इनामदार मॅडम गाडीतून उतरल्या. त्यांनी भिंत वाचली. वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, हे वृषालीने टिपून ठेवलं.

"हे बदनामीकारक आहे, ताई. काढा ते."

"काय खोटं लिहिलंय त्यात? एक नाव दाखवा."

मॅडमनी आजूबाजूला पाहिलं. पुढच्या दारापाशी रुग्णांच्या बाकावर सुहास बसला होता, बाही कोपरावर सारून. शेजारी आत्या, पदराखाली हात जोडून. मॅडमना हायसं वाटलं असावं. "साळुंखे, चला. तुमचा नंबर पहिला."

सुहास उठला. तो दारापर्यंत गेला, पायरीवर एक पाय ठेवला, आणि भिंतीजवळ उभ्या मयूरीकडे वळला.

"मयू, इकडं ये. माझ्या जागी तू बस."

"सुहास!" आत्या ओरडली.

"तिचा आकडा एक आहे, आई. माझा अजून अकरा आहे. कुणाला लागतंय ते तुला दिसत नाही?"

मॅडमनी क्षणात हिशेब मांडला असणार. त्या मयूरीजवळ गेल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी बहिणीच्या मायेने म्हणाल्या, "ठीक आहे. साळुंखेंची त्यांना, आणि तुमच्यासाठी वेगळी. दोघांनाही ढाल देते. आत्ता, इथंच. दर वर्षी देऊ. फक्त वहिनींना सांगा, ते कागद काढायला."

साऱ्या बायका मयूरीकडे पाहू लागल्या. मयूरीने हो म्हटलं असतं तर कोण तिला बोललं असतं? छत्तीस वर्षांची बाई, यकृत तिसऱ्या पायरीवर, सासर तोंड फिरवून बसलेलं. वृषाली स्टुलावरून उतरून स्वतःच्या हाताने ते कागद फाडायला तयार होती.

"ही कुणाच्या मांडीतली?" मयूरीने विचारलं.

"म्हणजे?"

"जी मला देणार ती. कुठल्या गावची बाई आहे? आता कशी आहे ती?"

"ते गोपनीय असतं हो. मला स्वतःलाही सांगता येणार नाही."

"मग आधी तिचं सासरचं नाव शोधा," मयूरी म्हणाली. "ती जिवंत असली तर तिला विचारते, घेऊ का म्हणून."

मॅडमचा हात तिच्या खांद्यावरून खाली आला. सुहासने पायरीवरचा पाय काढला, बाही खाली केली आणि मनगटाचं बटण लावलं.

तरीही तीन जणी मागच्या दाराने चढल्याच. मांड्यांवरून ऐकून घेणं काय असतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि यकृत कुणाला दिसत नाही. वृषालीने त्यांना अडवलं नाही. पण त्यांचे अर्ज तिने गाडीच्या पायरीवर बसून स्वतः भरले: सासरचं नाव, सासरचं गाव आणि आरोग्य क्रमांकाचे चौदाही आकडे, दोनदा तपासून. मग प्रत्येक अर्जाचा फोटो काढून ठेवला. तिसऱ्या अर्जाला मॅडमनी पेन हिसकायचा प्रयत्न केला, तेव्हा रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. शिबिर चारपर्यंत होतं. गाडी साडेदहालाच निघून गेली.

*

दिवस कलताना घरात उपासाची पानं मांडली. आत्याने सकाळपासून कुणाशी बोलणं टाकलं होतं. भगर आणि शेंगदाण्याची आमटी तिने मुकाट्याने रांधली, आणि सुहाससाठी सवयीने दोन भाकऱ्या भाजल्या.

सुहास येऊन बायकांच्या ओळीत मयूरीशेजारी बसला. "भाकरी नको. मलाही भगरच वाढ."

"तुला कसला उपास?" आत्याने शेवटी तोंड उघडलं. "हा बहिणींनी भावासाठी धरायचा असतो."

"मग आजपासनं उलटा पण धरायचा असतो."

आत्या पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, आणि ते मुलासाठी की मुलीसाठी हे विचारण्याची वृषालीला इच्छा नव्हती. मग आत्याने वाकून पहिलं ताट मयूरीपुढे ठेवलं.

वृषालीला आनंद वगैरे झाला नाही. एक ताट सरकवायला या घराला इतकी वर्षं लागावीत आणि दीपालीला मरावं लागावं, याचा तिला संतापच आला होता. उद्या सुहासचा थेंब दहा येईल, पुढच्या महिन्यात आठ. रोज पहाटे त्याला चालायला न्यायचं, गोड तोडायचं, तासगावच्या डॉक्टरीणबाईंच्या मागे लागायचं. जमेल की नाही, कुणाला ठाऊक. मयूरीलाही त्याच्याबरोबर न्यायचं.

दोन घास खाऊन तिने फोन उचलला. उद्या पंचमी, आणि गाडी उद्या पलीकडच्या येळगावात लागणार होती.

"शोभाताई, हिंगणवाडीची वृषाली बोलतेय. जेवण झालं का? बरं, एक काम करा. तीन वर्षांत गाडीवर चढलेल्या तुमच्या लेकींची नावं आजच काढून ठेवा." पलीकडून विचारणा झाली, माहेरचं नाव ना? "एक नाही. दोन्ही."